भाग्यलक्ष्मीचे चार दिवस

शुक्रवार, १३ मे १९९४. अक्षय्य तृतीया.

आज आलेले सामान: दळणयंत्र एक, वापरलेले, यशवंतपूरच्या मसालेवाल्याकडून, ४,२००. हातगाडीभाडे ६० (मागितले ८०). चिकपेटेतून चाळण्या दोन, १३०. पाव किलोच्या प्लास्टिक पिशव्या, ९५. पिशव्यांची तोंडे बंद करायचे विजेचे यंत्र, ४५०. काळी मिरी पाच किलो, ३१०. जिरे पाच किलो, २६०. यंत्राच्या पूजेचा नारळ, ५.

विकणाऱ्याने शपथेवर सांगितले होते की ह्या यंत्रात फक्त गहू दळला. पुसायला घेतले तर आतून मिरचीची पूड निघाली. हे म्हणाले, "वापरलेलं म्हटल्यावर निघणारच." मी म्हटले, गहू कधीपासून तिखट झाला? पाच पाण्यांनी धुतले, गोमूत्र शिंपडले, मग दिवा लावला.

हे जानेवारीत कारखान्यातून मोकळे झाले. स्वखुशीची निवृत्ती म्हणतात तिला. खुशी कोणाची ते कागदावर लिहिलेले नव्हते. पंचवीस वर्षे सकाळी सातला डबा घेऊन जाणारा माणूस आता सातला ओसरीवर येऊन बसतो आणि रस्ता बघतो.

कर्जाच्या कागदावर बँकेच्या मॅनेजरने विचारले, "मालक कोण?" मी ह्यांच्याकडे बघितले. हे माझ्याकडे बघत होते. मॅनेजर म्हणाले, "अम्मा, स्वल्प, जरा लवकर सांगा." तेव्हा मी सही केली. मॅट्रिकच्या फॉर्मवर केली होती तशी, पूर्ण नावाची.

त्याच बँकेच्या महिला मेळाव्यात एका बाईंनी भाषण केले, की घर बदलायचे तर आधी स्वतः बदला, स्वतःच्या पुढारी व्हा. त्या बाईंच्या घरी स्वयंपाकीण असावी. पण वाक्य डोक्यातून जात नाही. मी माझ्यापुरते ठरवले: पुढारी होईन, डोळे उघडे ठेवून. यंत्रवाला खोटे बोलला, तसे आणखी बोलतील.

शनिवार, २१ मे. एकादशी.

उपासाच्या दिवशीच भीमाचार्य आले. आमच्यातल्या बऱ्याच घरांची पूजा-कार्ये तेच बघतात, त्यामुळे कोणाच्या स्वयंपाकघरात काय चालते ते त्यांना आपल्या घरच्यापेक्षा जास्त ठाऊक.

आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो. पहिला महिना शाकव्रताचा: भाजी नाही, मिरची नाही, चिंच नाही. सारात घालायला मिरी, जिरे, मूगडाळ आणि आमचुराची पूड लागते. घरात म्हातारी सासू असेल तर ती होते. सून नोकरीला जात असेल तर होत नाही. माझा धंदा तेवढ्या फटीतून निघाला आहे.

"इंदिराबाई, पन्नास किलो," आचार्य म्हणाले. "व्रत लागायच्या आधी. पण मडीत, म्हणजे पुरत्या सोवळ्यात. तुमची मला काळजी नाही. ती दुसरी बाई वयानं लहान आहे."

"ती महिन्याचे चार दिवस येत नाही. मी येऊ देत नाही."

"हमी?"

"हमी."

माझी स्वतःची ती अडचण गेली तीन वर्षे नाही. देवाने धंद्यासाठीच मोकळी केली असे मी मानते. दुसरी बाई म्हणजे भाग्यलक्ष्मी. अडतीस वर्षांची, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते. नवरा रत्नाकर बसमध्ये कंडक्टर. लग्नाला सतरा वर्षे झाली, मूल नाही. रोज मुलासाठी पिंपळाच्या कट्ट्यावरच्या दगडी नागांना प्रदक्षिणा घालून मगच माझ्याकडे येते. भाजणीचा हात असा की मिरीचा एक दाणा करपत नाही. रोजावर आहे, येईल त्या दिवसाचे पैसे.

गुरुवार, २ जून.

भाग्यलक्ष्मीचे काहीतरी बिघडले आहे. बाहेर पाऊस पडून गारठा, मी दोन वेळा शिंकले, आणि ही मोरीत जाऊन ओल्या सोवळ्यावर आणखी तांब्याभर पाणी ओतून घेते. दिवसातून दोन-तीनदा. "उकडतं हो अक्का." चुलीपाशी मीही असते. मला नाही उकडत. सोवळ्याचा एवढा देखावा कोणासाठी? जो फार धुतो त्याच्याकडे मी जरा निरखून बघते.

दुपारी चाळता चाळता डुलकी लागली तिला. रात्री काय करते?

शनिवार, ११ जून.

आज आठवले आणि हातातले काम थांबले. ही शेवटची चार दिवस घरी राहिली कधी? मार्चात राहिली, नक्की. तेव्हा आमचे नुसते पापड चालायचे, ते मी एकटीने लाटले होते. एप्रिलमध्ये सासूचे औषध आणायला म्हणून बायकांच्या दवाखान्यात गेली, तो एकच दिवस खाडा. मे महिन्यात एकही नाही.

रोज बुडतो म्हणून येत असेल का? तिला ठाऊक आहे की आचार्यांना मी शब्द दिला आहे.

विचारले नाही. विचारले की सावध होतात.

सोमवार, २० जून.

गल्लीतल्या मोहनकुमारकडे नातवाचे बारसे होते. भाग्या आली नाही, पण बाळासाठी चांदीचे वाळे पाठवले, जुने, कापडात गुंडाळलेले. रोजावरच्या बाईकडे बारशाला द्यायला चांदी कुठून आली? घरी येऊन मी जिरे आणि मिरी तोलून बघितली. बरोबर भरली. तरी वाळे कुठून आले हे राहतेच.

आणि पिंपळाच्या प्रदक्षिणा सोडल्या आहेत. पुजाऱ्याच्या बायकोने सांगितले, महिना झाला, इकडे फिरकली नाही. मी भाग्याला सहज म्हणून म्हटले, "नागांवर रुसलीस की काय?" तर हसून म्हणाली, "त्यांनाही किती त्रास द्यायचा, अक्का!" हे काय बोलणे झाले? चार पैसे हातात यायला लागले आणि देव नकोसा झाला.

आधी वाटले, पोटुशी असेल. पण सतरा वर्षांनी दिवस गेलेली बाई ते लपवील होय? ती पेढे वाटत फिरेल. आणि ही तर परवा एकटीने मिरीचे पोते उचलून आत घेऊन गेली. म्हणजे ते नाही. मग अडतीस वर्षांच्या बाईची अडचण जाते कुठे?

गुरुवार, २३ जून. वटपौर्णिमा.

जे वाटत होते तेच निघाले.

सकाळी भाग्या सोवळे नेसून जिरे भाजायला बसली. तिला म्हटले, मी वडाची पूजा करून येते, मग तू जा. "मी ह्या वर्षी नाही करत," म्हणाली. वडापाशी तिची सासू सोयराबाई भेटली, एकटी.

"सून कुठाय?" मी विचारले.

"आमची बाहेर बसलीय हो. नेमकी आजच. नशीब बघा." मग माझा हात धरून म्हणाली, "पण तुमचं कौतुक आहे इंदिराबाई. त्या दिवसांतसुद्धा तिचा रोज बुडू देत नाही. ओसरीवर बसवून लेबलं चिकटवायचं काम देता. भाग्या सांगत असते. मागच्या महिन्यातही दिलंत."

माझ्या हातातला दोरा तिथेच तुटला. तोंडातून शब्द काढला नाही. काढला असता तर वडाखालच्या पंधरा बायकांनी ऐकला असता आणि संध्याकाळपर्यंत आचार्यांकडे गेला असता.

घरी आले. ती माझ्या चुलीपाशी बसली होती, सोवळ्यात, देवाच्या व्रताच्या पुडीचे जिरे भाजत, आणि काहीतरी गुणगुणत होती.

शुक्रवार, २४ जून.

आज काढून टाकले. जसे झाले तसे लिहून ठेवते.

"भाग्या, काल तुझी सासू भेटली वडापाशी."

तिचा हात थांबला. "काय म्हणाल्या?"

"तू बाहेर बसलीयेस म्हणाली. माझ्या ओसरीवर लेबलं लावतेस म्हणाली. कुठायत लेबलं? दाखव."

मीच पुढे म्हटले, "माझ्या देवघराला लागून ही चूल आहे. आचार्यांना मी हमी दिलीय. पन्नास घरची माणसं महिनाभर व्रत करणार ह्या पुडीवर. तुला रोजाचं एवढं झालं?"

"अक्का, देवाच्या कामात मी खोटं केलं नाही. इथं कधीच नाही."

"मग काय तुझी सासू खोटं बोलते?"

"नाही. मी त्यांना जे सांगितलं तेच त्या सांगतात."

"म्हणजे तूच सांगितलंस! आपल्या तोंडानं!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटले पाया पडेल, रडेल. काहीच केले नाही. "सरी, अक्का," म्हणाली, बरं म्हणावं तसं. चूल बंद केली, करपू नयेत म्हणून जिरे परातीत ओतले आणि गेली. तेवढी शिस्त मीच लावलेली.

ह्या दोन दिवसांच्या आणि मागच्या महिन्याच्या त्या दिवसांच्या पुडीचा डबा आठ किलोंचा आहे. विकायचा नाही. अन्न टाकवतही नाही. पोटमाळ्यावर ठेवला.

मंगळवार, २८ जून.

सोयराबाई घरी आल्या. "का हो काढलं तिला? सांगत नाही काही."

मी म्हटले, "काम कमी झालं." खरे सांगितले असते तर माझाच धंदा बुडाला असता.

"मग मी तिला भावाकडं पाठवते, मालूरला. इथं बसून काय करणार? मी तिला म्हटलं होतं, श्रावणापर्यंत बघते. रत्नाकरचं वय अजून काय, एक्केचाळीस. पुरुषाला काय, दुसरी मिळते. पण महिन्याच्या महिन्याला बाहेर बसते म्हणून मी थांबले हो. तोवर आशा असते ना बाईची."

खरे आहे, म्हटले. चहा दिला. दूध संपले होते, बिनदुधाचा दिला.

रविवार, ३ जुलै.

खांदा उचलत नाही. भाजणे, दळणे, चाळणे, भरणे, सगळे एकटी. मुलगी रम्या कॉलेजातून येऊन पिशव्यांची तोंडे बंद करते, ती वाकडी करते. आजची मिरी करपली. अर्धा किलो गेली.

ह्यांना अजून सांगितले नव्हते. आज सांगितले. ऐकताना हे माझ्या खांद्याला तेल लावत होते. कारखान्यात हे इन्स्पेक्शनमध्ये होते, दिवसभर गेज लावून मापे तपासायची. बाटलीचे बूच लावले. मग म्हणाले, "एकाच वस्तूची दोन गेजांनी दोन मापं आली, तर एक गेज खोटं असतं."

"तेच म्हणते मी. तीच खोटी."

"दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगितल्या तिनं. तुझ्याकडे एक, घरी एक. खोटी तुझ्याकडचीच, हे तू कशावरून धरलंस?"

"त्या बाबतीत घरी कोण खोटं बोलेल? घरी खोटं बोलून मिळतं काय?"

"ते मला काय ठाऊक," हे म्हणाले. "मी आपला लोखंडाचं सांगतो."

हल्ली ह्यांचे बोलणे असेच. उगीच रिकामे बसून काहीतरी सुचते.

शुक्रवार, ८ जुलै.

भाग्या मालूरला गेली. बसच्या वेळी मी गच्चीत होते. खाली बघितले नाही.

शनिवार, ९ जुलै.

पहाटे जपाला बसले आणि मध्येच कळले. देवाने सांगितले असे म्हणणार नाही. आठवडाभर तेच दळत होते डोक्यात.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी सगळ्या खिडक्या उघडून बसायची आणि हे कानटोपी घालून झोपायचे. रात्ररात्र जागी असायची. मानेवर ओला पंचा ठेवायची. मी शेहेचाळीसची होते, म्हणून अडचण जायची वेळ झाली हे माझ्या बाबतीत मला कळले. ती अडतीसची, म्हणून तिच्या बाबतीत ते सोंग वाटले.

पण अडतीसाव्या वर्षी होते का असे? रम्याला विचारायची लाज वाटत होती. शेवटी पोळी लाटता लाटता विचारले. ती म्हणाली, "होतं अम्मा. आमच्या एका मॅडमना छत्तिसाव्या वर्षी झालं. का गं?" काही नाही, म्हटले.

म्हणजे ती इथे खरी होती. चार दिवस घरी बसायचे कारणच उरले नव्हते, आणि सोवळ्याच्या कामात तिने सोंग आणले नाही. सोंग घरी आणले, सासूसाठी. बाहेर बसते आहे तोवर आशा आहे, असे सोयराबाई माझ्याच खुर्चीत बसून सांगून गेल्या आणि मी त्यांना खरे आहे म्हटले.

पण थांब, इंदिरा. ऑर्डरला आठ किलो कमी पडताहेत. माळ्यावर आठ किलो आहेत. आणि नेमकी आजच मला भाग्या खरी वाटते आहे. हे मला पटते आहे की परवडते आहे? यंत्रवाल्याचा संशय आला, तिचा आला, ह्यांच्या डोक्याचा आला. स्वतःचा यायला हरकत नाही.

डबा ऑर्डरीत घालायचा नाही. पुरी पटल्याशिवाय नाही.

शुक्रवार, १५ जुलै.

बेचाळीस किलो दिली. भीमाचार्यांनी पिशव्या मोजल्या.

"पन्नास म्हणजे बेचाळीस, हे कुठल्या शाळेत शिकलात इंदिराबाई?"

"एकटीनं जेवढं होतं तेवढं केलं."

"ती बाई गेली ते ऐकलं. बरंच झालं. वयानं लहान बायकांचं आपल्याला काय कळतं, त्या सांगतील तेच."

का कोण जाणे, माझा आवाज चढला. "आचार्य, माझ्या स्वयंपाकघराची हमी माझी. आतल्या बाईची चौकशी ह्यापुढे तुम्ही करायची नाही. मीही करणार नाही."

"मग मडी आहे की नाही हे कसं कळणार?"

"ती सांगेल तशी आहे."

आचार्य हसले, पण पुढच्या व्रताची ऑर्डर बघू म्हणाले. बघू म्हणजे काय ते मला कळते. ऑगस्टचा हप्ता कसा भरायचा ते बघावे लागेल. रात्री जेवताना ह्यांनी भात वाढून दिला, लग्नानंतर पहिल्यांदा.

बुधवार, २० जुलै. द्वादशी. शाकव्रत लागले.

पहाटे पारण्याच्या स्वयंपाकाआधी पोटमाळ्यावरून तो डबा काढला. त्यातली पूड घालून सार केले. नैवेद्याचे ताट देवापुढे ठेवण्याआधी उंबऱ्याशी थांबले. लोकांना विकायची गोष्ट वेगळी. तिथे फायदा होता, म्हणून माझ्या मनाचा भरवसा नव्हता. इथे फायदा नाही. मनात तिळाएवढी शंका असती तर हे ताट मला ठेवता आले नसते, आणि मी ते ठेवले. तुळशीपत्र घातले, डोळे मिटले. पटले की नाही ते असे बघितले.

हे जेवताना म्हणाले, "आज साराला वास वेगळा आहे. चांगला."

"भाग्याच्या हातची पूड."

ह्यांनी वाटी पुन्हा पुढे केली.

मग सोयराबाईंकडे जाऊन आले. काल एकादशी होती, एकादशीला खोटे बोलू नये म्हणून आजपर्यंत थांबले. त्यांना सांगितले की काम पुन्हा आहे, आणि भाग्या त्या चार दिवसांत ओसरीवर लेबले लावायची, अगदी नेमाने, मी स्वतः बघितले आहे. आयुष्यात इतके सरळ खोटे मी पहिल्यांदा बोलले. सोयराबाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर बोलवा." श्रावण संपेपर्यंत पुरेल हे खोटे. पुढचे पुढे बघू.

मालूरला पाठवलेल्या पत्राची नक्कल खाली उतरवते. तिचा भाऊ पत्र फोडून वाचतो, म्हणून जपून लिहिले:

"भाग्यलक्ष्मीस, अक्काचे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तू म्हणालीस की इथे तू कधी खोटे केले नाहीस. तेव्हा मी ऐकले नाही. आता ऐकले आहे. तू केलेल्या पुडीचा डबा ठेवला होता, त्याचा नैवेद्य आज देवाला दाखवला.

माझा खांदा चालत नाही आणि मिरी करपते. तू ये. रोजावर नाही, बँकेच्या कागदावर माझ्या नावाखाली तुझे नाव घालायचे आहे, सही पूर्ण नावाची करावी लागते, सराव कर. कधी यायचे आणि कधी नाही ते तू ठरवायचे, मी विचारणार नाही. ओसरीवरचे लेबलांचे काम पूर्वीसारखेच आहे, महिन्याला चार दिवसांचे. तुझ्या सासूबाईंना मी आज तसे सांगून आले आहे. त्यांनी हो म्हटले.

मोहनकुमारच्या नातवाच्या पायात वाळे शोभतात. ते कोणासाठी करून ठेवले होतेस, हे मी कधी विचारले नाही. बारसे झाल्यावर भलतेच काही मनात आणले.

जिरे संपले आहेत, नवे आणायचे ते तुझ्या पसंतीने आणू. बसचे भाडे मी देईन. कुठल्या बसने येतेस, किंवा यायचे मन नसेल तर नाही म्हणून, पण दोन्हीपैकी एक उलट टपालाने कळव."